सिस्टर सोडून का जातात: आधी ड्युटी लिस्ट उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लातुरातल्या ८० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात तुम्ही वर्षभरापासून मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुख, आहात. सहा महिन्यांत ११ सिस्टर सोडून गेल्या. राहिलेल्यांत धुसफूस आहे, न सांगता दांड्या आहेत. सुरुवातीचा पगार १३ हजार. रुग्णालयाचे मालक डॉक्टर आणि कारभार पाहणाऱ्या मॅडम म्हणतात, १२ मेला परिचारिका दिन झोकात करू, महिन्याच्या उत्कृष्ट सिस्टरचा फोटो लावू, तुळजापूर-अक्कलकोटची सहल काढू. एका वॉर्डाच्या जुन्या इनचार्ज सिस्टरचा जाच होतो अशीही मुलींची तक्रार आहे. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

ड्युटी लिस्टपासून करा. मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, परिसेविका झाले, सहायक अधिसेविका म्हणून निवृत्त झाले, आणि आता मराठवाड्यातल्या काही खासगी रुग्णालयांच्या नर्सिंग विभागांचं काम पाहते. कुठल्याही नव्या ठिकाणी गेले की मी आधी मागच्या तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्ट मागते. किती खाडाखोड आहे, एकाच मुलीला सलग किती नाईट लागल्यात, कोणाचा ऑफ किती वेळा कापला गेलाय, एवढं पाहिलं की तिथल्या सिस्टर खूश आहेत की नाहीत हे कोणाला विचारावं लागत नाही. तुमच्याकडे लिस्ट शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर पडते आणि सोमवारी बदलते असं तुम्हीच लिहिलंय. जिला परवा आपली कोणती पाळी आहे हे माहीत नाही, ती लेकराचा डबा, सासूचा दवाखाना, माहेरची फेरी यांपैकी काहीच ठरवू शकत नाही. थकण्यापेक्षा या टांगणीचा त्रास जास्त होतो. लिस्ट महिन्याची काढा. जमत नसेल तर निदान १५ दिवसांची. लावल्यानंतर बदल करायचा तर त्या सिस्टरला विचारून, आणि बदलाची नोंद लिस्टवरच, कारणासकट. ही नोंद दोन महिने ठेवली की बदल कोणाच्या फोनवरून होतात तेही उघडं पडतं.

आता हिशोब. तो तुम्हाला मॅडमपुढे मांडायचाच आहे, म्हणून सविस्तर सांगते. वॉर्डात एका जागी चोवीस तास एक सिस्टर हवी, तर सकाळ, दुपार, रात्र अशा दिवसाला ३ ड्युट्या, वर्षाला १,०९५. एक सिस्टर वर्षात किती ड्युट्या करू शकते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, सणांच्या ८, किरकोळ आणि हक्काच्या रजा मिळून २५, आजारपणाच्या ५. उरले २७५. १,०९५ भागिले २७५ म्हणजे जवळपास चार. म्हणजे एका जागेला चार माणसं लागतात. बहुतेक खासगी रुग्णालयं तीन नेमतात आणि मग ‘आमच्याकडच्या मुली सारखी सुट्टी मागतात’ अशी तक्रार करतात. सुट्टी द्यायला जागाच ठेवलेली नाही, तर मागणारी प्रत्येक मुलगी गुन्हेगार ठरणारच! त्यात तुमची नाईट रात्री ८ ते सकाळी ८, बारा तासांची. तिच्या मागे नाईट ऑफ द्यायचा म्हटला तर चारांतही ओढाताण होते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयांना तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांना पाच रुग्णांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात एकास एक, असा आहे. वर रजेसाठी ३० टक्के राखीव. हा निकष जसाच्या तसा टेबलावर ठेवलात तर मालकांना घेरी येईल आणि तुमचा कागद ड्रॉवरमध्ये जाईल. मी असते तर पहिल्या टप्प्यात दोनच गोष्टी मागितल्या असत्या: प्रत्येक जागेमागे पुरी चार माणसं, आणि सगळ्या रुग्णालयाला मिळून दोन-तीन राखीव सिस्टर. राखीवसाठी नव्या मुली शोधत बसू नका. लग्नानंतर, बाळंतपणानंतर घरी बसलेल्या अनुभवी सिस्टर लातुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना ‘फक्त सकाळची ८ ते २, नाईट नाही’ अशी अर्धवेळ जागा द्या. नियमित मुलींना सकाळच्या पाळीत मदत मिळते आणि ऐन वेळी कोणी आजारी पडलं तर फोन करायला कोणीतरी असतं.

डॉक्टरसाहेबांशी बोलताना मनोबल हा शब्द काढूच नका, मृत्यूचं बोला. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्स कामानं पुरती पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी, असं त्यांना दिसलं. तिथली रुग्णालयं वेगळी, हे खरं. पण एक सिस्टर २५ रुग्ण बघत असेल तर सलाईन संपल्याचं नातेवाईकच सांगायला येतात, आणि रुग्णाचा श्वास वाढलाय हे कोणाच्याच लक्षात येत नाही, हे आपल्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

लिस्ट करताना गाव लक्षात घ्या. कुठल्याही व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत. आपल्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसतात आणि त्या तीन दिवसांत घरातल्या सुनेनं घरात नसणं म्हणजे वर्षभराचं बोलणं खाणं. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवचं अख्खं शहर शेतात जातं. आंबील-भज्जीला आपली मुलगी नाही म्हणून आई-बाप खट्टू होतात. या दिवसांचं भांडण आदल्या आठवड्यात सोडवायला जाल तर कोणीतरी दुखावणारच. आषाढातच यादी लावा. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना कोण ड्युटीवर होतं, ते नाव यंदा सुटीत आधी. मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती सिस्टर आपणहून त्या दिवसांत उभ्या राहतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय, पण मग दोन्ही ईद, १४ एप्रिल, नाताळ त्यांना न मागता मिळायला हवेत. त्यांना तेव्हाही अर्ज करायला लावलात तर त्यांनी तुमच्यासाठी केलेलं फुकट गेलं. आणि येळवशीला ठरवून करायची ऑपरेशन ठेवूच नका. रुग्णही त्या दिवशी भरती व्हायला मागत नाही.

दुपारच्या पाळीचं तसंच. पाळी ८ ला संपते, नाईटची सिस्टर सव्वाआठला येते, ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला, देता-घेता पावणेनऊ होतात आणि औसा, मुरूड, रेणापूरकडून येणाऱ्या मुलींची एसटी गेलेली असते. मग भावाला मोटारसायकल घेऊन बोलवायचं, किंवा रात्री एकटीनं रिक्षा. घरचे ‘सोड ती नोकरी’ म्हणतात ते बहुतेक इथंच. नाईट पावणेआठला सुरू करा, ओव्हर खाटेजवळ उभं राहून घ्या, टेबलावर बसून नको. खाटेजवळ घेतलेला ओव्हर आटोपशीर होतो, आणि ‘मला सांगितलंच नव्हतं’ ही सकाळची भांडणं निम्मी कमी होतात. उन्हाळ्यात आणखी एक भर: नळाला पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. पाणी येण्याच्या दिवशी घरी कोणी नसेल तर पुढचा आठवडा टँकरवर. त्या दिवशी दोघींनी आपसात पाळी बदलायची म्हटली तर तुमच्या सहीची गरज ठेवू नका; दोघींच्या सह्या पुरेत.

पगाराबद्दल स्पष्टच बोलते. १३ हजारांत तुम्ही वातावरण कितीही चांगलं केलंत तरी मुली जाणार. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं खासगी परिचारिकांच्या वेतनाची शिफारस केलेली आहे: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या बरोबरीनं, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांनाही किमान २० हजार. तुमच्या ८० खाटा. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होतं. २५ टक्के वजा केले तरी साडेसव्वीस हजार होतात. शिफारशी कागदावरच राहिल्यात. तरी निम्म्यावर पगार ठेवून वर निष्ठा मागायची, हे मला पटत नाही. २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षण संचालनालयाची भरती निघाली तेव्हा खासगी वॉर्ड कसे ओस पडले ते तुम्हीही पाहिलं असेल. मुली सरकारी नोकरीत जाणं तुम्ही थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची जी रीत आपल्याकडे आहे, ती तुमच्याकडे असेल तर आजच कपाट उघडून ज्याची त्याला परत करा. अडकवलेली माणसं काम करत नाहीत, दिवस काढतात.

लगेच १३ चे २६ होणार नाहीत. मग आधी पगारातली गळती बंद करा. मोडलेला थर्मामीटर, हरवलेली बीपीची पट्टी, फुटलेली बाटली यांचे पैसे सिस्टरच्या पगारातून कापणं थांबवा. रक्कम दीड-दोनशेची असते, पण महिनाभर राबलेल्या माणसाला त्यातून आपली किंमत कळते. नाईटचा भत्ता वेगळा दाखवा. पगार ठरलेल्या तारखेला होऊ दे. तो दहाचा पंधरा, पंधराचा वीस असा सरकत असेल तर सहल काढू नका, लोक हसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही बिघडलं की सिस्टरच्या शेजारी कोण उभं राहतं? ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गाजली, त्यात १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा, रिकामी पदं, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून येणारा लोंढा हे सगळं पुढं उच्च न्यायालयासमोर आलं. पण लोकांच्या डोळ्यांपुढं राहिलं ते एका खासदारानं अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावल्याचं चित्र. मराठवाड्यातल्या प्रत्येक वॉर्डात त्या दिवशी एकच चर्चा होती: डीनची ही गत, तर आपली काय होईल?

म्हणून तीन प्रसंगांची तयारी आधीच करून ठेवा. पहिला, नातेवाईकांचा गोंधळ. सिस्टरनं एकटीनं समजूत घालत बसायचं नाही, असा लेखी नियम करा. कोणाला फोन करायचा तो नंबर टेबलावर मोठ्या अक्षरात. मारहाण झाली तर तक्रार रुग्णालयानं स्वतःच्या नावानं द्यायची. महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि त्यात परिचारिकाही येतात. पण तक्रार २२ वर्षांच्या मुलीच्या नावानं गेली की दुसऱ्या दिवशी तिच्या गावच्या सरपंचाचा तिच्या वडिलांना फोन येतो आणि सगळं मिटवलं जातं. ती पुढच्या महिन्यात राजीनामा देते. कारण ‘घरगुती’.

दुसरा प्रसंग, चूक. भरलेलं इंजेक्शन चुकीच्या रुग्णाच्या खाटेपर्यंत गेलं आणि शेवटच्या क्षणी लक्षात आलं, असं प्रत्येक वॉर्डात घडतं. तुमच्याकडे ते तुमच्यापर्यंत येतं का? येत नसेल तर मेमोच्या भीतीनं दाबलं जातंय. नाव न लिहिता नोंदवायची एक वही ठेवा आणि पंधरवड्यानं तिच्यातल्या नोंदींवर सगळ्यांसोबत बोला. दोन औषधांच्या बाटल्या सारख्याच दिसतात, रात्री त्या कोपऱ्यातला दिवा लागत नाही, असली कारणं निघतात. मेमो मात्र जाणूनबुजून केलेल्या हयगयीसाठी राखून ठेवा. राउंडला रुग्णासमोर सिस्टरला झापणाऱ्या डॉक्टरांशी तुम्ही स्वतः, केबिनमध्ये, त्याच दिवशी बोला. मुली ऐकत नसतात, पण तुम्ही केबिनमध्ये गेलात हे पाहत असतात.

तिसरा, सुई टोचणं. मी याला मनोबलाची परीक्षा मानते. टोचल्यावर कुठे धुवायचं, कोणाला सांगायचं, रुग्णाची तपासणी कोण करणार, एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी रात्री दोन वाजता कुठल्या कपाटात सापडेल? ती शक्य तितक्या लवकर, तासा-दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते आणि २८ दिवस चालते. बी कावीळीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, रुग्णालयाच्या खर्चानं, पहिली रुजू झाल्याच्या आठवड्यातच. याचा खर्च एका परिचारिका दिनाच्या मंडपाएवढाही नाही. आपल्या अंगाला सुई टोचली तर कोणीतरी धावेल, एवढी खात्री असली की माणूस बरंच सोसतं.

बाकीचं भराभर सांगते. जनआरोग्य योजनेचे फोटो, कागद, बिलिंगची धावपळ सिस्टरच्या गळ्यात पडली असेल तर त्यासाठी एक कारकून घ्या. नर्सिंग शिकलेल्या मुलीला दिवसभर झेरॉक्स काढायला लावलं की ती स्वतःलाही सिस्टर समजेनाशी होते. बिनशिक्षणाच्या मुलीला पांढरा ड्रेस घालून ‘सिस्टर’ म्हणून उभं करत असाल तर तेही थांबवा, कारण तिची प्रत्येक चूक शेजारच्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगची पदविका घेतलेल्या सिस्टरच्या, नावावर चढते. जेवायला आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली हवी. इंजेक्शनच्या ट्रेशेजारी डबा खाणारी माणसं मी आजही बघते. गरोदर सिस्टरकडून राजीनामा लिहून घेणं बंद करा. २६ आठवड्यांची रजा कायद्यानं आहे आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराचीही तरतूद आहे. रात्री कुठल्याही मजल्यावर एकटी सिस्टर नको. वॉर्डातल्या मदतनीस मावशी किंवा मामा तरी सोबत हवेच.

व्हॉट्सॲप ग्रुपचं जरा वेगळं आहे. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, आणि तेव्हापासून आरक्षणाचे वाद आपल्या भागात घराघरांत शिरले, तसे ड्युटी रूममध्येही. कोण कोणासोबत डबा खातं यावरून गट पडले. ‘जात इथं आणू नका’ असं भाषण देऊन काही होत नाही. ड्युटीचा ग्रुप फक्त ड्युटीचा ठेवा, राजकीय संदेश टाकणाऱ्याला एकदा सांगून काढा, मग तो मॅडमच्या जवळचा असला तरी. आणि लिस्ट लावताना एकाच गटाला सगळ्या सकाळ आणि दुसऱ्याला सगळ्या नाईट असं नकळतही होत नाही ना, ते महिन्याला एकदा नावं मोजून बघा.

परिचारिका दिन करू नका असं मी म्हणत नाही. केक आणा, फुलं द्या. फक्त त्या दिवशी नाईटला असलेल्यांसाठी केक फ्रिजमध्ये ठेवा आणि भाषणात ‘सेवा’, ‘त्याग’, ‘देवदूत’ हे शब्द टाळा. ते ऐकले की १३ हजारवाल्या मुलीचा संताप होतो. महिन्याच्या उत्कृष्ट सिस्टरचा फोटो मात्र नकोच. एकीचा लागतो आणि बाकीच्यांना नाकारल्यासारखं होतं, शिवाय निवड मॅडम करणार असतील तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

गेलेल्या ११ जणींना फोन करा. जाताना खरं कोणी सांगत नाही. ‘लग्न ठरलंय’, ‘बाबांची तब्येत’ एवढंच. तीन-चार महिन्यांनी, अनुभवाचा दाखला हातात पडल्यावर विचारलंत तर सांगतात. आणि राहिलेल्यांपैकी रोज एकीला चहाला बसवून विचारा, ‘कशामुळे इथं थांबलीस?’ त्या यादीत जे येईल त्याला हात लावू नका.

राहिली ती जुनी इनचार्ज. तिच्याविषयी लगेच मत बनवू नका. अशा बायका बहुतेक वेळा वीस वर्षं माणसं कमी असताना वॉर्ड ओढलेल्या असतात. आरडाओरडा हे त्यांना येणारं एकमेव हत्यार असतं, कारण त्यांना कोणी दुसरं दिलंच नाही. तिच्यासोबत पूर्ण एक आठवडा त्याच वॉर्डात काम करा. नवीन मुलीला सलाईन लावता आली नाही म्हणून ती ओरडते, की मुलीनं मेट्रनकडे रजा मागितली म्हणून सूड घेते, हा फरक तिथंच दिसेल. पहिल्या प्रकारच्या बाईला शिकवायचं काम द्या: नव्या मुलींचे पहिले दोन आठवडे तिच्याकडे, पण लिस्ट करणं तिच्याकडून काढून तुमच्याकडे घ्या. शिकवण्याचा मान मिळाला की त्यांचा आवाज बराच खाली येतो. दुसरा प्रकार असेल, म्हणजे ठरावीक मुलींनाच नाईट, वैयक्तिक टोमणे, नवऱ्या-सासरच्यावरून बोलणं, तर तारखेसकट नोंदी ठेवा, एकदा समोर बसवून सांगा, दुसऱ्यांदा लेखी द्या आणि तिसऱ्यांदा तिचा वॉर्ड बदला. मॅडम म्हणतील, ‘ती गेली तर वॉर्ड कोण सांभाळणार?’ त्यांना त्या वॉर्डातून वर्षभरात किती मुली सोडून गेल्या आणि बाकीच्या वॉर्डांतून किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून द्या.